शिपायांनी दगडावर कोरलेली नावं: नागपूर-कामठीत ती कशी शोधावी, वाचावी, नोंदवावी

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर इंग्रजीत ओरखडलेलं नाव आहे: जॉन स्मिथ, २८वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेतला हा अधिकारी शिकारीच्या नादात लेण्यांपर्यंत पोचला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पण ते नाव आज उभ्या माणसाच्या डोक्याच्या बरंच वर आहे, याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. स्मिथ काही ताडमाड नव्हता. लेण्यात तेव्हा सुमारे पाच फूट माती-दगड साचले होते आणि तो त्या ढिगावर उभा होता. नावावरून कळतं कोण आलं होतं. नावाच्या उंचीवरून कळतं की त्या दिवशी जमीन कुठे होती.

नवखा माणूस नाव दिसलं की जवळून एक फोटो काढतो आणि खूश होऊन घरी येतो. मग घरी बसून बघतो तर नाव आहे, पण ते कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, दाराच्या आत की बाहेर, याचा काही पत्ता नाही. अशा फोटोचा उपयोग फार तर व्हॉट्सॲपवर टाकायला. म्हणून आधीच सांगतो: नाव शोधा, पण नोंद भिंतीची करा.

शिपायांची नावं सापडतात ती शिपाई तासन्‌तास नुसता उभा राहायचा तिथे. जुन्या आरमारी गोद्यांमध्ये दारूगोळ्याची कोठारं, दोरखंडांची गोदामं आणि पहाऱ्याच्या चौक्या यांच्या भिंती अशा खुणांसाठी प्रसिद्ध आहेत. नागपूरला समुद्र नाही, गोदी नाही, पण पहारे भरपूर होते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारची फौज यांची लढाई झाली, त्यानंतर टेकडीवर किल्ला उभा राहिला. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. तेव्हापासून या पट्ट्यात पलटणी आल्या, गेल्या. माणूस गोदीवर उभा असो की बर्डीच्या टेकडीवर, पहाऱ्याचा कंटाळा सारखाच.

आधी झिरो माईलला जा

थेट किल्ल्याकडे धावू नका. डोळ्यांना सवय लावायला नागपुरातल्या झिरो माईलसारखी शाळा नाही. तिथला स्तंभ सर्वेक्षण खात्याचा. त्यावर वेगवेगळ्या गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. ही अक्षरं पाथरवटाने छिन्नीने, आधी रेघा आखून कोरली आहेत. दोन ओळींतलं अंतर सारखं, अक्षरांची उंची सारखी, खाचेच्या दोन्ही कडा स्वच्छ. सरकारी काम कसं दिसतं ते इथे नीट पाहून घ्या.

शिपायाचं काम याच्या उलट असतं. ओळ उजवीकडे चढत किंवा उतरत जाते. पहिली तीन अक्षरं मोठी आणि पुढे जागा संपली म्हणून उरलेली चेंगरलेली. गोल अक्षरं गोल येत नाहीत, कारण खिळ्याने किंवा संगिनीच्या टोकाने दगडावर वळण घेता येत नाही. त्यामुळे इंग्रजी ओ चौकोनी होतो, एस झेडसारखा दिसतो, आणि आपला ‘ठ’ तर हमखास बिघडतो. इंग्रजी एन उलटा काढलेला वारंवार दिसतो. तो माणूस अडाणी होता असं लगेच ठरवू नका, हात वर करून आणि मान वाकडी करून लिहिताना असं होतं.

सगळ्या खुणा नावं नसतात. पाथरवटाच्या खुणा म्हणजे त्रिकोण, बाण, फुली किंवा एखादं अक्षर, प्रत्येक चिऱ्यावर साधारण एकाच आकाराचं. कामाचा हिशोब करायला ती असायची. दगडावर चौकोन आणि त्याच्या आजूबाजूला जी.टी.एस. आणि बी.एम. अशी इंग्रजी अक्षरं दिसली, तर तो कोणी जी. टी. स्मिथ नव्हे. ती ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हेची उंचीची खूण आहे. तीन रेघांचा रुंद बाण दिसला तर ती ब्रिटिश लष्करी खात्याच्या मालकीची खूण. गोदीतल्या तोफेपासून वल्ह्यापर्यंत सगळ्यावर ती मारायचे.

फरशीकडे आणि कट्ट्यांकडेही बघा. पहाऱ्यावरचे लोक नवकंकरी आणि वाघबकरीचे पट दगडावरच ओढायचे. दाराच्या चौकटीजवळ किंवा पायरीच्या कडेला बोटभर लांब, मधे खोल आणि दोन्ही टोकांना उथळ होत गेलेल्या खाचा ओळीने दिसल्या तर त्या हत्याराला धार लावल्याच्या असू शकतात. त्यात अक्षर शोधत बसू नका, पण नोंद मात्र करा.

दगड कोणता, ते बघा

हा भाग लोक गाळतात, आणि माझ्या मते निम्मं उत्तर इथेच असतं. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. पूर्वेला आणि उत्तरेला, कामठीच्या बाजूला, वाळूचा खडक. भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ नावाचा थरच आहे, आपल्याच कामठीवरून. सिलेवाड्याच्या खाणींमधून रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म गोळा केले, ते याच खडकातले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे.

वाळूचा खडक खिळ्याने खरवडता येतो. म्हणून त्यावर नावं जास्त, पण टिकतात कमी. पावसाच्या बाजूची कड झिजते आणि अक्षराची एकच बाजू उरते. अशा ठिकाणी पूर्ण अक्षर शोधायचं नाही, उरलेली कड शोधायची. बेसाल्टवर खिळा चालत नाही. नुसती पांढरट रेघ उठते आणि पुसट होत जाते. बेसाल्टवर खोल, नीट अक्षर दिसलं तर छिन्नी-हातोडा होता, वेळ होता आणि बहुधा कोणाची तरी परवानगी होती. म्हणजे ते चोरून कोरलेलं नाव नसण्याचीच शक्यता जास्त.

चुन्याचा गिलावा हा तिसरा प्रकार. ओल्या गिलाव्यावर काडीने लिहिलं तर खाचेच्या दोन्ही बाजूंना चुना सरकून बारीक वरंबा तयार होतो. सुकल्यावर खरवडलं तर वरंबा नसतो, कडेचे टवके उडालेले असतात. हा फरक भिंगातून लगेच दिसतो आणि त्यावरून पुष्कळ ठरतं: वरंबा असेल तर लिहिणारा गिलावा चालू असताना तिथे होता. म्हणजे गवंडी, मजूर किंवा त्यांच्यावर देखरेख करणारा. टवके असतील तर पुढची कितीही वर्षं मोकळी.

खाचेचा रंगही बघा. जुन्या खाचेचा तळ आणि आजूबाजूचा दगड एकाच रंगाचे झालेले असतात. कधी आत दगडफूल उगवलेलं असतं, हो, गोड्या मसाल्यातलंच, त्याच जातकुळीतलं. ताजी खाच उजळ असते. ‘राहुल’ आणि ‘पूजा’ बाणासकट उजळ दिसतील, ते आपल्याच काळातले.

परवानगीचं आधी बघा

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी बघता येतो. त्या दिवशी गर्दी असते, ठरलेल्या वाटेनेच फिरावं लागतं, आणि मोबाइल-कॅमेरा आत नेता येईलच असं गृहीत धरू नका. वही-पेन्सिल मात्र खिशात ठेवा. चांगलं रेखाटन करता आलं तर फोटोवाचून अडत नाही. पहिल्या भेटीत नाव शोधण्याच्या भरात बाकीचं विसरू नका: १८५७ मध्ये फाशी दिलेल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांच्या कबरी, नवगज अली बाबाचा दर्गा म्हणून, इथेच आहेत.

कामठी छावणी आजही चालू छावणी आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथे आहे. जुनी इमारत कितीही मोडकळीला आलेली दिसली तरी तिच्याकडे कॅमेरा वळवू नका. लेखी अर्ज करा: मी कोण, काय बघायचंय, का, कोणत्या तारखेला, सोबत किती जण. उत्तर येईपर्यंत चर्च आणि दफनभूमी बघायची परवानगी तिथल्या व्यवस्थेकडे मागा. ड्रोनचा तर विषयच काढू नका. संरक्षण खात्याच्या जागेत १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आहे आणि तो शिपायांच्या सहीचं कौतुक ऐकून घेत नाही.

संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त अक्षर स्वच्छ करत होतो’ हे तिथे चालत नाही.

आणि गेटवरच्या जवानाशी नीट बोला. “भाऊ, थोडंसंच बघतो” म्हणून आत घुसायचा प्रयत्न केलात तर तुमच्या मागून येणाऱ्या अभ्यासकाचीही वाट बंद होते.

सोबत काय न्यायचं

थोडंच लागतं. एक लहान टॉर्च, दहा सेंटिमीटरची पट्टी, मोजायचा टेप, भिंग, वही, दोन पेन्सिली, होकायंत्र (फोनमधलं चालेल). टोपी आणि पाणी नागपूरकराला सांगायला नको.

काय न्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. खडू नको, ब्रश नको, पाण्याची बाटली भिंतीवर रिकामी करायला नको. अक्षर ‘उठावं’ म्हणून खाचेत खडू भरायची जुनी सवय अजून गेलेली नाही. खडू भरणारा स्वतःला जे अक्षर वाटतं तेच भरतो, आणि पुढचा माणूस दगड न वाचता खडू वाचतो. वर खडूची भुकटी वाळूच्या खडकाच्या छिद्रांत बसते ती पावसालाही ऐकत नाही. कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायची पद्धत पक्क्या दगडावर तज्ज्ञांनी वापरावी. सुटणाऱ्या गिलाव्यावर तुम्ही-आम्ही नाही.

उजेड

सगळी खुबी इथे आहे. समोरून पडलेल्या उजेडात उथळ खाच दिसत नाही, भिंतीला घासून जाणाऱ्या तिरप्या उजेडात तीच उठून येते. फ्लॅश समोरून पडतो, म्हणून फ्लॅश बंद.

आता नागपूरचा सूर्य आपल्या कामाला कसा लावायचा ते बघा. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो बारा ते साडेबाराच्या सुमारास. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत त्याच्या थोडं आधी बघायची, पश्चिमेची थोडं नंतर, कारण तेव्हा ऊन वरून घसरत भिंतीवर येतं. सकाळी आठ वाजता पूर्वेच्या भिंतीवर ऊन अगदी समोरून असतं, दिसायला सुंदर, वाचायला निरुपयोगी. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळतं ते उन्हाळ्यातच, सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी.

मेच्या अखेरीस, साधारण २६ तारखेला, आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दुपारी चारही बाजूंच्या भिंतींवर ऊन सरळ वरून खाली घसरतं. अक्षरं वाचायला वर्षातली ही सगळ्यांत भारी वेळ. जुलैत ढग असतात, मेमध्ये नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. कोणती आपत्ती पत्करायची ते तुमच्यावर, पण मेमध्ये गेलात तर पाऊण तासाच्या वर थांबू नका.

आतल्या खोलीत टॉर्च. फोन स्टँडवर पक्का बसवा, तो हलवायचा नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून (पण न टेकवता) आधी डावीकडून, मग वरून, उजवीकडून, खालून धरा आणि प्रत्येक वेळी एक फोटो घ्या. डावीकडून उजेड टाकला की उभ्या रेघा दिसतात आणि आडव्या गायब होतात, वरून टाकला की उलट. एकच फोटो घेतला तर इंग्रजी ई चा आय होतो आणि १८४७ चा शेवटचा सात एक होतो. चारही फोटो शेजारी ठेवून मगच वाचायचं.

वाचताना आणि साल ठरवताना

आधी जे दिसतं ते जसंच्या तसं लिहा. न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब, शंकास्पद अक्षराखाली रेघ. अंदाज वेगळ्या ओळीत. जागेवरच ‘हे विल्यम असणार’ म्हणून लिहून टाकलं की घरी गेल्यावर ते विल्यमच दिसत राहतं.

शिपाई बहुतेक वेळा नाव, पलटण आणि साल लिहितो, आणि पलटणीच्या नावावरून साल तपासता येतं. कामठीला मद्रास फौजेच्या पलटणी असायच्या. मद्रास नेटिव्ह इन्फंट्री म्हणजे एम.एन.आय. ही अक्षरं १८८५ च्या आधीची, कारण त्या साली ‘नेटिव्ह’ शब्द गळला. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत मद्रासच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात साठ मिळवले गेले. गोऱ्या पलटणींचं वेगळं: १८८१ पर्यंत त्यांची ओळख मुख्यतः आकड्याने, नंतर परगण्यांच्या नावाने. त्यामुळे नुसता आकडा आणि ‘रेजिमेंट’ असेल तर १८८१ च्या आधीचं असण्याकडे झुकायला हरकत नाही, पण पैज लावू नका. जुनी सवय नवा हुकूम आला म्हणून एका दिवसात सुटत नसते.

‘सीताबल्डी’ असा उल्लेख पलटणीच्या स्मृतिफलकावर दिसला की लोक समजतात, हा माणूस इथे लढला. तसं नाही. सीताबर्डीची लढाई हा पलटणीचा युद्धसन्मान होता, तो पुढच्या पिढ्याही मिरवायच्या.

सगळी नावं इंग्रजीतच शोधू नका, ही कळकळीची विनंती. फौजेत गोरे थोडे आणि आपले जास्त. मद्रासच्या शिपायांमध्ये तेलुगू आणि तमिळ लिहिणारे होते, आपल्याकडचे बाळबोध किंवा मोडी. गोल-गोल वळणांची ओळ दिसली आणि वाचता आली नाही म्हणून ‘नक्षी’ असं लिहून पुढे जाऊ नका. फोटो घ्या आणि ती लिपी येणाऱ्याला दाखवा. साल शकात असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्राच्या आधीचं असेल तर ७९: शके १७३९ म्हणजे १८१७-१८. संवत असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते ते संवत संपेपर्यंतचं असेल तर ५६.

एकावर एक कोरलेली नावं सापडली तर सोनंच. कोणाची खाच कोणाला कापते ते भिंगातून बघा. कापणारी नंतरची. म्हणून राहुल-पूजाचीही नोंद करायची. त्यांच्या खाली काय कापलं गेलंय ते कळतं.

नोंद

प्रत्येक भिंतीला एक पान. वर इमारत, खोली, भिंतीची दिशा, तारीख, वेळ, ऊन की टॉर्च. मग पूर्ण भिंतीचं साधं रेखाटन: दार, खिडकी, कोनाडा, आणि प्रत्येक खुणेला एक आकडा. प्रत्येक आकड्यासमोर आजच्या फरशीपासून उंची, जवळच्या कोपऱ्यापासून अंतर, अक्षरांची उंची, दगड कोणता, खाच कशी. फोटो तीन अंतरांवरून: पूर्ण भिंत, हातभर भाग, मग नुसतं नाव. पट्टी खाचेजवळ धरा, दगडाला चिकटवू नका.

हे कंटाळवाणं वाटतं, पण पानं जमली की नकाशा बोलायला लागतो. समजा, एका खोलीतली सगळी नावं जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आणि खिडकीच्या उजव्या हाताला आहेत. मग तिथे कोणीतरी बसत होतं, उभं नव्हतं, आणि उजेडासाठी खिडकीशी बसत होतं. नावं फक्त दाराच्या आतल्या बाजूला, उंच गजाखाली असतील तर ती कोठडी असू शकते. बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, खांद्याच्या उंचीवर असतील तर पहारा. यातलं एकही नाव वाचता आलं नाही तरी खोलीचा उपयोग कळला.

नंतर

नाव आणि पलटण हाती लागली की ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी बघायच्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चनोंदी तिथे बंगाल, मद्रास, मुंबई अशा इलाख्यांनुसार लावलेल्या आहेत. नागपूर म्हणून मध्य प्रांत शोधत बसू नका, छावणी मद्रास फौजेची, म्हणून आधी मद्रासच्या नोंदी. देशी शिपायांची नावं या नोंदींत क्वचित मिळतात. त्यांच्यासाठी पलटणीचे कागद आणि गावाकडची वंशावळ हेच मार्ग, आणि ते लांबचे आहेत. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, शिलालेखांचं दालन आहे. तिथे जाऊन पक्क्या कोरीव कामावर नजर घासून घ्या.

तुमच्या वहीची एक प्रत जागेच्या मालकाला द्या, लष्कर असेल तर लष्कराला, चर्च असेल तर चर्चला. मूळ फोटो न कापता, न रंगवता ठेवा, फाइलच्या नावात भिंतीचा आकडा आणि तारीख घाला. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. टाकलीत तर पुढच्या रविवारी तिथे कोणीतरी किल्ली घेऊन स्वतःचं नाव घालायला येतो.